तलावाकाठचा ‘लेक व्ह्यू’ फार्म प्लॉट: टोकन देऊन बसलो, मग कागद पाहिले

आधीच सांगतो, प्लॉटवाल्याचं नाव टाकत नाही. पैशाचा व्यवहार अजून पूर्ण मिटला नाही आणि मला कोणाशी भांडण उकरायचं नाही. पण आपल्या भंडारा-गोंदियाकडे सध्या असे प्लॉट जिकडे तिकडे निघत आहेत, नागपूरवाले शनिवारी गाड्या घेऊन येतात, पाहतात आणि टोकन देऊन जातात, म्हणून हा रिव्ह्यू जरा लांब झाला तरी चालेल पण पूर्ण लिहितो.

पाच पैकी एक स्टार देतो. तो एक सुद्धा गेटवरच्या वॉचमनला, कारण त्यानेच पहिल्यांदा खरं सांगितलं.

झालं असं की माझं साकोलीकडे कृषी केंद्र आहे, साळा नागपूरला नोकरीवर. त्याच्या मोबाईलवर जाहिरात आली, ‘तलावाच्या काठावर ५००० चौरस फुटाचे फार्महाऊस प्लॉट, एकूण ३६, निसर्गाच्या कुशीत’. जागा माझ्या दुकानापासून अर्ध्या तासावर. तो म्हणाला जिजाजी तुम्ही पाहून घ्या, अर्धे पैसे मी टाकतो, म्हातारपणी दोघांच्या घरच्यांना बसायला एक जागा होईल. बायकोला पण आवडलं. मे महिन्यात आम्ही सगळे मिळून पाहायला गेलो.

जागा सुंदर आहे हे मी आजही म्हणतो. माजी मालगुजारी तलाव, म्हणजे आपण मामा तलाव म्हणतो तोच, तीनएकशे वर्षांपूर्वी गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी बांधले त्यातला. पारीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, जुने मोह आणि चिंचेची झाडं, खाली धानाच्या बांध्या, पलीकडे जंगल. प्लॉटवाल्याने गिट्टीचा रस्ता टाकला होता, सिमेंटचे खांब पिवळ्या रंगाने रंगवून नंबर टाकले होते, सोलरचे दिवे होते. एजंट पोरगा एकदम नम्र, आईला खुर्ची आणून दिली, पाण्याची बाटली दिली. आम्हाला १४ नंबरचा दाखवला. म्हणाला हा कॉर्नर आहे, उद्या शिल्लक राहणार नाही. त्याच दिवशी २१ हजार टोकन दिलं. इथेच चुकलो, कागद पाहायच्या आधी पैसे दिले.

निघताना गाडी वळवत होतो तेव्हा वॉचमन काका जवळ आले. त्याच गावचे ढिवर, म्हणजे मासेमार समाजाचे, वय सत्तरच्या पुढे. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "भाऊ, तुमी जवळचे दिसता म्हून सांगतो. १४ नंबरात ऑगस्टात मी पाय टाकत नाही. कमरेएवढं राहते." मी म्हटलं काहून बा, इथं तर पूर्ण कोरडं आहे. ते म्हणाले, "हा सलंगाचा नाला होय ना."

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मामा तलावाला शेतीला पाणी सोडायला तुडूम असते आणि जास्तीचं पाणी निघून जायला पारीच्या एका टोकाला सलंग असते. तलाव भरला की सलंगावरून पाणी पडते, नाल्याने खालच्या बोडीत, म्हणजे लहान तळ्यात जाते, बोडी भरली की तिथून पुढच्या गावच्या तलावात. आपल्या पूर्वजांनी एकाखाली एक अशी साखळी लावून ठेवली आहे. मधलाच नाला बुजवला तर दोनच गोष्टी होतात, एक तर पाणी मागे चढून पारीवर जोर येतो, नाही तर खालच्या गावाचा तलाव भरत नाही आणि त्यांची रोवणी अडते. आणि प्लॉट नंबर १० ते १८ सगळे त्या नाल्याच्या तोंडावर पाडले आहेत. उन्हाळ्यात नाला म्हणजे नुसती गवताची उथळ चर दिसते, नागपूरच्या माणसाला कसं कळणार. मला सुद्धा कळलं नाही, आणि मी इथलाच आहे याचं जास्त वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी एजंटला फोन केला. तो म्हणाला, सर ती जुनी चर आहे, आम्ही मुरूम टाकून लेव्हल करून देणार आहोत, पाईप पण टाकू. कोणता पाईप, किती इंची? त्याला माहीत नव्हतं. चारशे एकराचं पावसाचं पाणी ज्या वाटेने जाते तिथे तुम्ही पाईप टाकणार. तेव्हा मी ठरवलं की आता कागद काढायचे.

सगळ्यात आधी सातबारा. ऑनलाईन निघते, कोणीही काढू शकते. तीन गटांवर प्लॉट पाडले होते. त्यातल्या एका गटात पोटखराब लिहिलं होतं आणि ते वर्ग ‘ब’ मध्ये. हे लक्षात ठेवा. पोटखराब ‘अ’ म्हणजे खडक, खड्डा वगैरे पिकाला निकामी जमीन. ‘ब’ म्हणजे रस्ता, नाला, पाण्याची जागा, स्मशान असं सार्वजनिक कामाचं. ते कोणाच्या गटात दिसत असलं तरी विकून त्यावर घर बांधायचं नसते. मग गटाचा नकाशा पाहिला, तो पण ऑनलाईन दिसते, तिथे नाला स्पष्ट काढलेला. आणि ब्रोशरमध्ये त्याच जागी हिरवा रंग देऊन ‘गार्डन’ लिहिलेलं! गावनकाशा आणि ब्रोशर दोन्ही टेबलावर बाजूबाजूला ठेवले तेव्हा बायको म्हणाली, आता बोलायचं काय राहिलं.

यानंतरचा कागद मात्र बहुतेक लोक काढतच नाहीत, आणि आपल्या विदर्भाचं खरं बळ त्यात आहे. निस्तार पत्रक आणि वाजिब उल अर्ज. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ मध्ये कलम १६० पासूनचं हे प्रकरण फक्त विदर्भाला लागू आहे, बाकी महाराष्ट्रात हे नाही. १९५१ ला मालगुजारी, म्हणजे आपल्याकडची जुनी जमीनदारी गेली, तलाव सरकारजमा झाले, पण गावाचे हक्क जाऊ नये म्हणून गावागावाचं निस्तार पत्रक आहे, त्यात गावच्या मोकळ्या जमिनीचा वापर कसा करायचा, ढोरं कुठे चरणार, लाकूड-माती कुठून घेणार हे लिहिलेलं असते, कलम १६१. वाजिब उल अर्ज कलम १६५, त्यात पाण्याचा, वहिवाटीच्या रस्त्याचा, मासेमारीचा गावचा रिवाज लिहिलेला. आमच्या तालुक्याच्या रेकॉर्ड रूममध्ये अर्ज केला, तीन चकरा माराव्या लागल्या, नक्कल मिळाली. जुन्या अक्षरातलं, काही ठिकाणी पुसट, पण वाचता आलं. ढोरांना पाण्यावर न्यायचा रस्ता जिथे लिहिला आहे तिथे आज त्यांचं लोखंडी गेट आहे.

हे वाचून माझ्या आईला एवढं वाईट वाटलं. तिचं माहेर त्याच बाजूचं, ती म्हणाली आमच्या लहानपणी याच वाटेने गायकी ढोरं आणायचा.

मग मी आणि साळा दोघं त्यांच्या ऑफिसात गेलो. तिथे एक वकील बसवले होते. ते व्यवस्थित बोलले, उद्धटपणा नाही, हे मान्य करतो. त्यांचं म्हणणं असं की पाणथळ जागांचे जे केंद्राचे नियम आहेत, २०१७ चे, ते इथे लागू नाहीत. आता हा मुद्दा नीट समजून घ्या कारण प्रत्येक प्लॉटवाला हेच सांगणार आहे. ते नियम पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ खाली निघाले. त्यात नियम ४ प्रमाणे पाणथळीत अतिक्रमण नाही, कचरा टाकायचा नाही, घाण पाणी सोडायचं नाही, नवीन कारखाना नाही, आणि मागच्या दहा वर्षांत पुराचं पाणी सरासरी जिथपर्यंत चढलं तिथून ५० मीटरच्या आत पक्कं बांधकाम नाही, नावेच्या धक्क्यासारखं सोडून. पण त्याच नियमांच्या व्याख्येत नदीचं पात्र, धानाची शेती, आणि माणसाने खास पिण्याच्या पाण्यासाठी, मत्स्यपालनासाठी, सिंचनासाठी बांधलेले तलाव वगळले आहेत. वकील म्हणाले, हा तर सिंचनाचा तलाव, विषय संपला.

विषय संपत नाही. एक तर मामा तलाव फक्त सिंचनासाठी कधीच नव्हता. माणसं, ढोरं, मासे, शिंगाडे, कमळकंद, सगळं गाव त्यावर. दुसरं, ८ फेब्रुवारी २०१७ ला सुप्रीम कोर्टाने उपग्रहाच्या नकाशावरच्या सव्वादोन हेक्टरपेक्षा मोठ्या २,०१,५०३ पाणथळ जागांना त्या नियम ४ च्या तत्त्वाने जपायला सांगितलं आहे, मग आपला तलाव त्या नकाशात आहे का हे पाहायला नको? आणि तिसरं, समजा पाणथळीचा नियम सोडून दिला, एकदम बाजूला ठेवला, तरी महसूल संहितेचं कलम २० आहेच, नदी नाले तलाव आणि त्यांचा तळ हा सरकारचा, खाजगी मालकी सिद्ध असेल तेवढाच अपवाद. कलम ५० खाली अतिक्रमण काढता येते. आणि २८ जानेवारी २०११ चा सुप्रीम कोर्टाचा जगपाल सिंग निकाल आहे, पंजाबातल्या एका गावच्या तळ्यावर घरं बांधली होती, कोर्टाने सांगितलं की पैसे भरून हे नियमित होणार नाही, आणि सगळ्या राज्यांना गावच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणं काढायची योजना करायला लावली. मी हे सगळं कागदावर लिहून नेलं होतं, एकेक वाचून दाखवलं. वकील साहेब शेवटी म्हणाले, तुमचा प्लॉट बदलून देतो, २७ नंबर घ्या, तो उंचावर आहे.

म्हणजे १४ नंबर दुसऱ्याला जाईल. साळा तिथेच उठला. म्हणाला, आम्ही नाही घेत, आणि तो दुसऱ्याला पण देऊ नका.

२७ नंबरची सुद्धा चौकशी केली, राहवलं नाही म्हणून. तो उंचावर आहे हे खरं. पण त्याच्याकडे जाणारा रस्ता ज्या गटातून काढला तो सातबाऱ्यावर झुडपी जंगल. हा पण आपल्याकडचाच विषय, नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांतला. २२ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाने सांगून टाकलं की झुडपी जंगल म्हणजे वनच, वन कायदा लागू. तिथून खाजगी लेआउटसाठी गिट्टीचा रस्ता कोणाच्या परवानगीने गेला हे मी विचारलं, उत्तर मिळालं नाही. रस्ताच गेला तर घरापर्यंत काय उडत जायचं?

बाकी गोष्टी पटकन सांगतो. शेतजमिनीवर फार्महाऊस बांधायला किमान ०.४ हेक्टर जागा लागते, म्हणजे साधारण एक एकर. ५००० चौरस फुटावर ‘फार्महाऊस’ होतच नाही. यांचं म्हणणं सामाईक सातबाऱ्यावर बारा-पंधरा लोकांची नावं चढवू, पण मग तुमचा तुकडा कोणता हे कोणत्याच कागदावर नाही, शेतीचे लहान तुकडे पाडायला मनाई करणारा १९४७ चा तुकडेबंदी कायदा आहेच. महारेराचा, म्हणजे बिल्डर-प्लॉटवाल्यांच्या प्रोजेक्टच्या सरकारी नोंदणीचा, नंबर विचारला तर म्हणे शेती आहे म्हणून लागत नाही, आणि जाहिरातीत मात्र क्लब हाऊस. ५०० चौरस मीटरच्या वर जागेचा प्रोजेक्ट करून प्लॉट विकता तर नोंदणी दाखवा ना. मुरूम कुठून आणला याची रॉयल्टीची पावती पण कोणी दाखवली नाही.

ऑगस्टात परत गेलो, मुद्दाम, चार दिवस झड लागून गेल्यावर. साळा नागपूरहून आला. गेटपासून पुढे गाडी गेलीच नाही. पिवळे खांब पाण्यातून वर निघालेले, १२, १३, १४, नंबर वाचता येत होते. सलंगावरून पाणी पडायचा आवाज येत होता. चरीत पोरं उभी राहून चढणीचे मासे पकडत होती, पाण्यातल्या गवतात पाणकोंबड्या पिल्लं घेऊन फिरत होत्या. वॉचमन काका पारीवर छत्री घेऊन बसले होते, आम्हाला पाहून हात केला. मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो. त्यांनी सांगितलं, आधी या काठाला देवधान, पोवन उगवायचं, त्याच्या बुडाशी मासे अंडी घालायचे, मुरूम पडला तिकडे आता फक्त बेशरम उगवते. त्यांच्या सोसायटीचा मासेमारीचा ठेका याच तलावावर आहे, मासा कमी झाला तर नुकसान त्यांचं. म्हातारे झाले म्हणून वॉचमनची नोकरी धरली, नाही तर तलावावर पोट भरत होतं. हे सांगताना त्यांच्या आवाजात राग नव्हता, पण मला खूप लागलं ते.

सारस पण आपल्याकडेच उरले आहेत, गोंदिया, भंडारा, चंद्रपूरचा थोडा भाग, बाकी महाराष्ट्रात नाहीत. ते असल्याच काठावर आणि धानाच्या बांधीत घरटं करतात. काठाला तार आणि फ्लड लाईट लावून विकायचा आणि ब्रोशरवर सारसाचा फोटो छापायचा, तो फोटो खरंच छापला आहे यांनी.

कोणी म्हणेल पाणी तर दरवर्षी उतरते, एवढं काय. २०२० च्या ऑगस्टच्या शेवटी वैनगंगेला पूर आला तेव्हा भंडारा शहरात काय झालं ते आपण पाहिलं आहे. नदीकाठाला निदान निळी रेषा आणि लाल रेषा तरी आखतात, निळी म्हणजे पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतल्या पुराची. आपल्या गावच्या नाल्याला, बोडीला, सलंगाला अशी रेषा आखायला कोणी येत नाही. तिथे गावचा नकाशा, निस्तार पत्रक आणि काकासारखी माणसं हेच आहे. लोणारचं सरोवर २०२० ला रामसरच्या, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत गेलं, विदर्भातलं एकच, चांगली गोष्ट आहे, अभिमान आहे. पण आपले हजारो मामा तलाव कोणत्या यादीत जाणार नाहीत, त्यांना वाचवायचं तर हेच कागद काढून वाचावे लागतील.

सर्व्हिसबद्दल शेवटचं. टोकन परत मागितलं तर आधी म्हणाले पावतीवर ‘नॉन रिफंडेबल’ लिहिलं आहे. आम्ही पोटखराब ‘ब’ चा उतारा, गटनकाशा आणि निस्तार पत्रकाची नक्कल जोडून रजिस्टर्ड पोस्टाने पत्र दिलं की तुम्ही नाल्याची जागा विकली. पंधरा दिवसांत १५ हजार आले. सहा हजार बाकी आहेत, दर सोमवारी फोन करतो, पुढच्या आठवड्यात म्हणतात. जेवढे आले ते लिहिलं, बाकी आले की इथेच अपडेट करतो.

गावात पण बोललो. सरपंचबाई तरुण आहेत, ऐकून घेतलं, सलंगाच्या नाल्याची सरकारी मोजणी करून हद्द ठरवून घ्यायचा विषय येत्या ग्रामसभेत ठेवते म्हणाल्या. खालच्या गावचे चार शेतकरी पण येणार आहेत, कारण यंदा त्यांची बोडी अर्धीच भरली. मी खरेदीदार म्हणून माझं निवेदन दिलं आहे.

ज्यांनी या लेआउटमध्ये १० ते १८ पैकी प्लॉट धरला आहे त्यांना माझी विनंती, पुढचा हप्ता देण्याआधी एकदा पावसात या, गेटपासून पायी जा, बूट काढून. आणि वॉचमन काकांना भेटा, पण त्यांचं नाव एजंटसमोर घेऊ नका, त्यांची नोकरी आहे. नक्कल काढायला कोणता अर्ज, कोणत्या खिडकीत, हे माहीत नसेल तर मला विचारा, माझ्याकडे तिन्ही गटांचे कागद आहेत, झेरॉक्स देतो, पैसे नको.

अपडेट: काल १४ नंबरचा खांब रंगवून १४ अ केला असं काकांनी सांगितलं. पाणी अजून उतरलं नाही.